पणजोबांच्या शोधार्थ परदेशांतील दफ्तरांकडे

(महोत्सवी वर्षांत धर्मग्रामाच्या सभागृहांत दिलेलें भाषण, समितीच्या आग्रहावरून येथें लिहून दिलें आहे.)



महोत्सव समितीनें आम्हांस आज सायंकाळीं आपल्या देवळाच्या इतिहासावर चार शब्द बोलावयास सांगितलें होतें. देवळाचा इतिहास स्मरणिकेंत येणारच आहे, म्हणून आम्हीं समितीची अनुज्ञा घेऊन विषय थोडा बदलला आहे. गेलें वर्षभर ज्या प्रश्नानें आमच्या कचेरीचा उंबरठा झिजविला, तो प्रश्न देवळाचा नव्हे, घराचा आहे. "फादर, आमचे मूळ पुरुष कोण? ते कोठून आले?" कोणी प्रत्यक्ष येऊन विचारतो, कोणाचा नातू कॅनडांतून लिहितो, कोणाची भाची ऑस्ट्रेलियांतून. आणि बहुतेकांची समजूत अशी, कीं या प्रश्नाचें उत्तर समुद्रापलीकडे लिस्बन शहरांत एका मोठ्या ग्रंथांत लिहिलेलें आहे. तेथें कोणी जाऊन तें पान उघडण्याचाच काय तो अवकाश.

ही समजूत सर्वस्वीं खोटी नाहीं. परंतु ती जितकी खरी आहे तितकीच फसवीहि आहे, आणि आपल्याच एका कुटुंबाच्या बाबतींत आम्हांस तिचा जो अनुभव आला, तो सांगण्याकरितां आज आम्ही उभे आहों. त्या कुटुंबाची परवानगी आम्हीं घेतली आहे. नांव मात्र सांगणार नाहीं. ज्यांनीं ओळखावयाचें ते ओळखतीलच.

या कुटुंबांतील वडील गृहस्थ निवृत्त शिक्षक. त्यांस आपण मास्तर म्हणूं. त्यांचा मुलगा लंडनला नोकरीस आहे. घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यांत येई, कीं आपला मूळ पुरुष वसईच्या किल्ल्यांतील पोर्तुगीज कप्तान. १७३९ सालीं किल्ला पडला तेव्हां तो निघून गेला नाहीं, येथेंच एका शेतकऱ्याच्या मुलीशीं लग्न करून राहिला. मुलाच्या मनानें घेतलें, कीं महोत्सवापूर्वीं ही गोष्ट कागदोपत्रीं सिद्ध करावयाची. त्यानें आम्हांस लिहिलें, आणि आम्हीं त्यास मोठ्या उत्साहानें वाटा दाखविल्या. त्या उत्साहांत आमचें एक पाप होतें. तें पुढें येईल.

प्रथम नियम सांगतों. परदेशाचा प्रवास आपल्याच देवळाच्या कपाटापासून सुरू होतो. ट्रेन्टच्या महासभेनें १५६३ सालीं विवाहांच्या नोंदीचें पुस्तक ठेवणें प्रत्येक धर्मग्रामाच्या धर्मगुरूवर बंधनकारक केलें व बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मपिता व धर्ममाता यांचीं नांवें लिहून ठेवावयास सांगितलें. पुढें १६१४ सालीं पाचवे पॉल यांच्या कारकिर्दींत रोमन विधिग्रंथ निघाला, त्यांत पांच पुस्तकें सांगितलीं: बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यु, आणि पांचवें 'आत्म्यांची स्थिति', म्हणजे घरोघरची माणसांची यादी. हें पांचवें पुस्तक जेथें टिकलें असेल तेथें शोधकाचें नशीब उघडलें म्हणावें. एका पानावर सबंध घर, आजीपासून तान्ह्यापर्यंत, चुलीभोंवतीं बसल्यासारखें दिसतें.

या नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीज भाषेंत असतात, पुढें इंग्रजींत. एकच मनुष्य लॅटिनमध्यें योहान्नेस, पोर्तुगीजमध्यें जुआंव, इंग्रजींत जॉन, आणि घरांत चौथ्याच नांवानें हाक मारलेला. त्यांत आडनांवाचा घोटाळा वेगळा. आपल्यांतील परेरा, डिसोजा, रॉड्रिग्ज हीं नांवें ऐकून पोर्तुगालांत आपले चुलते शोधूं नयेत. बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मपित्याचें किंवा धर्मगुरूचें आडनांव घेण्याची चाल होती, म्हणून त्या नांवावरून रक्त कळत नाहीं. कोणाच्या हातून पाणी पडलें, कोणी मूल हातीं धरलें, एवढेंच फार तर कळतें. हें वाक्य लक्षांत असूं द्यावें. मास्तरांच्या घराचा सगळा उलगडा त्यांतच होता.

मग परदेशांत जावयाचें कशाला? तर आपले कागद राज्यकर्त्यांच्या व धर्माधिकाऱ्यांच्या मागोमाग फिरले म्हणून. १५३४ सालीं गुजराथच्या बहादूरशहानें वसई पोर्तुगिजांस दिली. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं ती घेतली. तहाप्रमाणें पोर्तुगीज सैन्य व त्यांच्याबरोबर जाऊं इच्छिणारीं कुटुंबें बाहेर पडलीं. मागें राहिले ते बहुतेक येथल्याच मातीचे शेतकरी, कोळी, बागाईतदार. धर्माच्या कारभाराची कथा याहून गुंतागुंतीची. आपला हा प्रदेश गोव्याच्या आर्चबिशपांकडे होता. १८८६ सालीं दमणचा धर्मप्रांत निर्माण झाला तेव्हां त्याकडे गेला. १९२८ सालीं तो धर्मप्रांत मोडल्यावर मुंबईकडे आला. आणि १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. म्हणजे आपल्या आजोबांपणजोबांविषयीं विगारानें आपल्या बिशपांस एखादें पत्र लिहिलें असेल, तर सालावरून तें कोठें शोधावयाचें हें ठरतें. मुंबईंत तर एकाच काळीं दोन अधिकार होते, एक पोर्तुगालच्या राजाश्रयाचा व एक रोमच्या धर्मप्रसार मंडळाचा; आणि शेजारशेजारच्या दोन देवळांचे कागद दोन वेगळ्या खंडांतील शहरांत गेले. हा वाद आपल्या पूर्वजांनीं मोठ्या आवेशानें लढविला. त्यांचीं भांडणें आज आपल्याला उपयोगी पडतात हें त्यांस कळतें तर त्यांस हंसूं आलें असतें, कारण शांत धर्मग्रामाचे कागद थोडे आणि भांडखोर धर्मग्रामाचे पुष्कळ असतात.

आतां लिस्बन. आम्ही रोमला शिकत असतां एका उन्हाळ्याच्या सुटींत तीन आठवडे तेथें काढले होते. तेथील राष्ट्रीय दफ्तराचें नांव तोर्रे दु तोंबु. तोर्रे म्हणजे बुरूज. किल्ल्यांतील एका बुरुजांत चौदाव्या शतकापासून राजाचे कागद ठेवीत, त्यावरून हें नांव. १७५५ सालीं १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या दिवशीं सकाळीं, लिस्बनला महाभूकंप झाला आणि बुरूज कोसळला. त्या वेळीं दफ्तराचे मुख्य रक्षक मानुएल द माया हे ऐंशीच्या घरांत आलेले वृद्ध गृहस्थ होते. त्यांनीं ढिगाऱ्यांतून कागद काढविले, किल्ल्याच्या आवारांत तात्पुरत्या लाकडी निवाऱ्यांत ठेविले, आणि १७५७ सालीं तें सर्व सेंट बेनेडिक्टच्या मठांत हलविलें. तेथें तें १९९० पर्यंत होतें. मग विद्यापीठाच्या परिसरांत नवी इमारत झाली. परंतु त्याच सकाळीं नदीकांठच्या राजवाड्यांतील 'कासा दा इंदिया', हिंदुस्थानच्या व्यापाराची व जहाजांची कचेरी, तिच्या कागदपत्रांसह नष्ट झाली. "आमचे पूर्वज कोणत्या गलबतानें आले?" असा प्रश्न जो विचारतो, त्याच्या वाटेंत हा खड्डा आहे. माया यांच्यासारखा एक म्हातारा तेथेंहि असता तर, असा विचार त्या दिवसांत आमच्या मनांत वारंवार येई.

वाचनालयांत ओळखपत्र दाखवून वाचकाचें कार्ड मिळतें. शाई नेऊं देत नाहींत, पेन्सिल चालते. पहिला आठवडा आमचा केवळ अक्षर लावण्यांत गेला. त्या काळचे लेखक शब्द सबंध लिहीत नाहींत. आरंभींचें एक अक्षर काढून पुढें वरच्या अंगास शेवटचीं दोन बारीक अक्षरें लिहिलीं, कीं झाला फ्रांसिस्कु किंवा मानुएल. ज्यांस हा अभ्यास करावयाचा असेल त्यांनीं आधीं घरबसल्या सराव करावा. तोर्रे दु तोंबुच्या पुष्कळ कागदांचीं छायाचित्रें आतां आंतरजालावर फुकट पाहावयास मिळतात. विमानाचें भाडें नंतर.

पोर्तुगालांतून दर वर्षीं पावसाळी वाऱ्यांवर येणाऱ्या जहाजांतून राजाचीं पत्रें गोव्यास येत व उत्तरें परत जात. त्यांचे खंड 'मोन्सून पुस्तकें' या नांवानें प्रसिद्ध आहेत. यांपैकीं साठांहून अधिक खंड अठराव्या शतकांत लिस्बनला नेण्यांत आले, बाकीचे गोव्याच्याच दफ्तरांत आहेत. गोव्याचें दफ्तर म्हणजे कांहीं कमी नव्हे. तें १५९५ सालीं स्थापन झालें व त्याचे पहिले रक्षक प्रसिद्ध इतिहासकार दियोगु दु कोतु. पुष्कळ मंडळी लिस्बनचें स्वप्न पाहतात आणि पणजीस गाडीनें जाऊन येतां येतें हें विसरतात. लिस्बनलाच आणखी एक सागरपार प्रांतांचें दफ्तर आहे, १९३१ सालीं स्थापिलेलें, एगा नांवाच्या जुन्या वाड्यांत. तेथें वसई, दमण व चौल यांविषयींचे कागद पेट्यांतून ठेविलेले आहेत.

यांत सांपडतें काय? सिमांव बोतेल्यु यानें १५५४ सालीं हिंदुस्थानांतील पोर्तुगीज मुलखाच्या उत्पन्नाची वही केली. ती १८६८ सालीं लिस्बनला छापली गेली, त्यामुळें मोठ्या ग्रंथालयांत मिळूं शकते. तींत वसईच्या अंमलाखालील परगणे व गांवें आहेत. आम्हीं तीं पानें उघडलीं तेव्हां अंगावर कांटा आला, हें कबूल करावयास हरकत नाहीं. पोर्तुगीज वाक्यांत मध्येंच 'मुरा' आणि 'बाते' हे शब्द. ते आपलेच मुडे आणि आपलेंच भात! परंतु भातामागचा माणूस नाहीं. ज्यास गांव इनाम मिळालें त्याचें नांव आहे, ज्यानें चिखल तुडविला त्याचें नाहीं. आपल्यांतील बहुतेक घरांस लिस्बनमध्यें आपल्या गांवाची कहाणी मिळेल, आपल्या पणजोबांचें नांव मिळणार नाहीं. कप्तानांचें मिळेल, आणि नेमका हाच मोह आहे.

गांवांच्या नांवांविषयीं सावधगिरीची सूचना द्यावयाची राहिली. पोर्तुगीज कागदांतील 'आगासाइं' ही आपली आगाशी असूं शकते किंवा गोव्यांतील आगशी. 'साल्सेत' मुंबईजवळचें साष्टी बेट असूं शकतें किंवा गोव्याचा सासष्टी महाल. मास्तरांच्या मुलाची फजिती इंग्रजी कागदांत झाली. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत जुन्या इंडिया ऑफिसचें दफ्तर आहे. त्यांत मुंबई इलाख्यांतील बाप्तिस्मे, विवाह व दफनें यांच्या प्रती १७०९ पासून १९४८ पर्यंतच्या आहेत. मुलगा दर शनिवारीं तेथें जाऊन बसे. तीन शनिवार त्यानें 'बॅसीन' नांवाखालीं एका कुटुंबाचा माग काढला, आणि चौथ्या शनिवारीं त्यास उमगलें, कीं ब्रह्मदेशांतहि एक बॅसीन शहर आहे, ज्यास आज पाथेन म्हणतात, आणि हें कुटुंब तेथलें! त्या दफ्तरांत मुख्यतः युरोपियन व अँग्लो-इंडियन लोकांच्या नोंदी आहेत. आपल्यांपैकीं कोणी सरकारी, रेल्वेच्या किंवा लष्करी नोकरींत होता, तर इतर खात्यांच्या कागदांत कांहीं मिळण्याचा संभव अधिक. त्यांत २०२३ च्या ऑक्टोबरांत त्या ग्रंथालयाच्या संगणकांवर हल्ला होऊन सूचिपत्रें दीर्घकाळ बंद पडलीं, म्हणून बिचाऱ्याचें कामहि तितके महिने अडलें.

ग्रंथालयांतून निराळ्याच रीतीनें आपलें घर सांपडतें, त्याचें एक उदाहरण देतों. फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं प्रथम छापलें गेलें. त्या छापील आवृत्तीची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. पण देवनागरी लिपींतील त्याचें एक हस्तलिखित लंडनमध्यें मार्सडेन नांवाच्या विद्वानाच्या संग्रहांत सुरक्षित राहिलें. आपल्या संत गोन्सालो गार्सियांचेंहि असेंच. ते वसईचे सुपुत्र. १५९७ सालीं नागासाकीस क्रुसावर हुतात्मा झाले, १८६२ सालीं संतपदास चढविले गेले. त्यांच्याविषयीं आपणांस जें ठाऊक आहे तें फ्रान्सिस्कन बंधूंच्या परदेशीं लिहिलेल्या वृत्तांतांमुळें.

मध्येंच एक इशारा, कारण तो आजच्या गरजेचा आहे. कांहीं मध्यस्थ आपल्या तरुणांस सांगतात, कीं जुना पूर्वज दाखविला म्हणजे पोर्तुगालचें नागरिकत्व मिळेल, आणि शोधाच्या नांवाखालीं पैसे घेतात. तो मार्ग १९६१ पूर्वीं पोर्तुगीज सत्तेखालीं असलेल्या गोवा, दमण व दीव येथें जन्मलेल्यांचा व त्यांच्या जवळच्या संततीचा आहे. ज्या वसईवरून तो झेंडा १७३९ सालीं उतरला, तेथल्या घरांनीं त्या आशेवर शेत विकूं नये.

आतां आमच्या पापाकडे येतों. मुलगा लिस्बनला जाण्याचीं तिकिटें काढीत होता तेव्हां त्यास जें सांगावयास हवें होतें तें आम्हांस ठाऊक होतें. दोन वर्षांपूर्वीं जुनीं पुस्तकें चाळतां चाळतां मास्तरांच्या आजोबांची नोंद आमच्या नजरेस पडली होती. साल १९००. छप्पनच्या दुष्काळाचें वर्ष. मुंबईकडे प्लेगहि चाललेलाच होता, आणि उपाशी माणसें कोठकोठून किनाऱ्याकडे येत होतीं. नोंदींत मुलाचें नांव आहे, वय अदमासें एक महिना, आणि पुढें 'पाइश इन्कॉग्नितुश', आईबाप अज्ञात. धर्ममाता म्हणून आपल्याच आळींतील एका विधवा बाईचें नांव आहे. तिचें जें आडनांव तेंच आज मास्तरांच्या घराचें आडनांव.

आम्ही गप्प राहिलों. कप्तानाच्या गोष्टीवर ते घर तीन पिढ्या ताठ मानेनें उभें आहे, आपण तें कां हलवावें, असें आम्हीं मनाशीं म्हटलें. त्यास दया म्हणावें कीं भित्रेपणा, हें आम्हांस आजहि नीट सांगतां येत नाहीं. आणखी एक कबुली. त्या नोंदीच्या समासांत कोणा विगारानें नंतर कांहीं लिहिलेलें होतें. तें आज वाचतां येत नाहीं. कारण आमच्याच कारकिर्दींत आम्हीं तें पुस्तक बांधावयास दिलें आणि बांधणाऱ्यानें पानांच्या कडा सुबक कापून आणल्या. राहिलीं तीं अर्धीं अक्षरें. पुस्तक बांधावयास देतांना समास कापूं नये असें बजावणें आमचें काम होतें.

मुलानें लिस्बनहून लिहिलें, कीं एका कप्तानाचें नांव मिळालें आहे, आडनांव आपलेंच आहे, आतां मधल्या दीडशें वर्षांचा दुवा तेवढा फादरांनीं द्यावा. तेव्हां मात्र गप्प राहणें म्हणजे खोट्यास सही देणें झालें असतें. आम्हीं मास्तरांस बोलावून घेतलें, पुस्तक उघडून त्यांच्यापुढें ठेविलें. त्यांनीं चष्मा लावून ती ओळ दोनदां वाचली. बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. देवळांत दुपारच्या प्रार्थनेची घंटा झाली, आम्ही दोघांनीं उभें राहून प्रार्थना म्हटली, आणि मग ते म्हणाले, "फादर, ही बाई कोठें पुरली आहे?"

कप्तानाविषयीं त्यांनीं एक शब्द विचारला नाहीं. आम्हीं मृत्यूचीं पुस्तकें काढलीं. १९१८ च्या ऑक्टोबरांत, इन्फ्लुएंझाच्या सांथींत, एकाच पानावर नांवांची दाटी झालेली आहे. त्यांत ती आहे. कबरेची जागा लिहिलेली नाहीं. त्या आठवड्यांत लिहावयास सवड कोणास होती? विवाहाच्या पुस्तकांतून तिच्या नवऱ्याचें घर लागलें. तिला स्वतःचें मूल असल्याची नोंद आम्हांस मिळाली नाहीं. त्या दुष्काळांत, घरीं कमावता पुरुष नसतांना, तिनें परकें मूल ठेवून घेतलें. तो मुलगा वाढला, त्याचें याच आळतारापुढें १९२३ सालीं लग्न झालें, आणि त्या लग्नाच्या नोंदींत बापाच्या नांवाची जागा रिकामी ठेवून आईच्या जागीं विगारानें तिचें नांव लिहिलें आहे. तें नियमास धरून होतें कीं नाहीं, हें धर्मकायदा शिकविणाऱ्यांनीं ठरवावें. आम्ही त्या विगारास दोष देणार नाहीं.

मुलगा प्रथम रागावला. आमच्यावर रागावण्याचा त्यास हक्क होता. दोन महिने त्याचें पत्र आलें नाहीं. मग आलें तें लंडनहून, आणि त्यांत कप्तानाचा उल्लेख नव्हता. त्यानें विचारलें होतें, कीं १९०० सालीं आपलें देऊळ दमणच्या धर्मप्रांतांत होतें ना, तर अनाथ मुलांविषयीं विगारानें बिशपांस कांहीं कळविलें असेल का, आणि १९२८ नंतर ते कागद मुंबईस आले कीं गोव्यास गेले? प्रश्न उत्तम होता. कापल्या गेलेल्या समासांत काय होतें तें कळण्याची तेवढीच एक वाट उरली आहे. आम्हीं दोन्हीं ठिकाणीं लिहिलें आहे. एका ठिकाणाहून नकार आला. दुसरीकडून येऊन पाहण्याची परवानगी मिळाली आहे, आणि नाताळाच्या सुटींत मुलगा आला म्हणजे तो व आम्ही मिळून जाणार आहों.

पुढील महिन्याच्या दुसऱ्या दिवशीं, सर्व मृतांच्या स्मरणदिनीं, पहाटेची मिस्सा मास्तरांच्या घरानें त्या बाईच्या नांवें मागितली आहे. ज्यांच्या घरीं १९१८ च्या सांथींत माणसें गेलीं, त्यांनीं तीं नांवें त्याआधीं कचेरींत आणून द्यावींत. त्या पानावरील सबंध यादी आम्ही वाचणार आहों. पुस्तकें पाहावयाचीं असतील त्यांनीं शनिवारीं दुपारीं तीननंतर यावें, पेन्सिल घेऊन यावें, आणि पान उलटतांना बोटास थुंकी लावूं नये.